महागडा घडीचा चाकू: पहिल्या तपासणीपासून पहिल्या धारेपर्यंत

आठ-दहा हजारांच्या पुढचा घडीचा चाकू घरात आला की पहिला प्रश्न घरातूनच येतो: भाजी ४० रुपयांच्या सुरीनंही चिरली जाते, मग हा कशाला? जास्तीचे पैसे तीन ठिकाणी जातात. पात्याचं पोलाद, त्या पोलादाला दिलेलं पाणी (कठीण करण्यासाठी तापवून थंड करण्याची क्रिया) आणि सांध्याची अचूक मापं. पोलाद आणि पाणी नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. सांधा मात्र दिसतोही आणि हाताला जाणवतोही. म्हणून पहिल्या दिवशी तपासायचा तो सांधा. आणि असे चाकू सुरुवातीला बिघडतात ते कापून कमी. विनाकारण खोलणं, नको तिथं उचकटणं आणि न पुसता ठेवणं, ही खरी कारणं.

डबा उघडल्यावर

आधी वजन करा. कंपनी प्रत्येक मॉडेलचं वजन ग्रॅममध्ये देते आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा या कामाला पुरतो. दोन-तीन ग्रॅमचा फरक सोडून द्या. १०-१५ ग्रॅमचा फरक सोडू नका. नावाजलेल्या मॉडेलांच्या हुबेहूब नकला बाजारात भरपूर आहेत. नक्कल करणारा डबा, लोगो, पोलादाचं नाव सगळं छापतो, पण टायटॅनियमच्या जागी साधी पोलादी पट्टी घातली की काट्यावर सापडतो: टायटॅनियमचं वजन घनसेंटिमीटरला ४.५ ग्रॅम, पोलादाचं जवळपास ७.८. मुठीला लोहचुंबकही लावून बघा, टायटॅनियमला तो चिकटत नाही. खिशाला अडकवायची क्लिप आणि स्क्रू यांपासून दूर, मोकळ्या जागी लावा, कारण ते बहुधा पोलादाचे असतात. वजनाचं महत्त्व जळगावच्या सराफ बाजाराजवळ राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मग चाकू बंद ठेवून, पातं ज्यात मिटतं ती मुठीची फट वर करून उजेडात धरा. पातं दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या मधोमध बसलेलं दिसलं पाहिजे. केसभर इकडेतिकडे असलं तर बिघडत नाही. पण उघड-मीट करताना पट्टीला घासत असेल तर पात्यावर ओरखडे पडणारच. तो माल परत करण्यासारखा.

आता पातं पूर्ण उघडा. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ टोकाजवळ धरा आणि हलकेच डावी-उजवीकडे हलवा. थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर तो पिव्होट स्क्रूचा (सांध्याच्या मुख्य स्क्रूचा) आहे, घट्ट करून जातो. नंतर वर-खाली हलवून बघा. इथं प्ले असेल तर दोष लॉकच्या (उघडलेलं पातं मिटू न देणाऱ्या भागाच्या) किंवा अडणीच्या पिनच्या (पातं उघडल्यावर जिला टेकून थांबतं तिच्या) मापात आहे, स्क्रू पिळून तो जाणार नाही. वॉरंटी असताना परत पाठवायचा दोष तो हाच.

लॉकची पकड डोळ्यांनी तपासता येते. लायनर लॉकमध्ये आतली पातळ पट्टी आणि फ्रेम लॉकमध्ये मुठीचीच एक बाजू वळून पात्याच्या बुडाखाली येऊन बसते. लायनर लॉकचं आजचं रूप मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिरानं १९८०च्या सुमारास बसवलं, आणि फ्रेम लॉक ख्रिस रीव्ह यांच्या चाकवांमुळे सगळीकडे पोचला. नव्या चाकूत ही पट्टी पात्याच्या बुडाच्या रुंदीच्या साधारण ३० ते ५० टक्के भागावर बसलेली असावी. जेमतेम कडेला टेकत असेल तर दाबाखाली सटकू शकते. पहिल्याच दिवशी पार पलीकडच्या पट्टीला जाऊन भिडत असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. लॉक किती भक्कम आहे हे बघायला पात्याची पाठ टेबलावर आपटणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. तसं करू नका, त्यात चांगला लॉकही खराब होतो. बोटं पात्याच्या वाटेतून काढून अंगठ्यानं पाठीवर सावकाश जोर द्या, तेवढी परीक्षा पुरते.

टायटॅनियमचा फ्रेम लॉक नवा असताना चिकटतो, सोडवायला अंगठा दुखेपर्यंत दाबावं लागतं. दोष नाही तो. पात्याच्या बुडाला जिथं पट्टी टेकते तिथं पेन्सिलीचं शिसं घासा आणि टीव्ही बघता बघता शंभरेक वेळा उघड-मीट करा. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना घासून बसले की चिकटणं जातं.

शेवटी बंद चाकू टोक खाली येईल असा धरून मनगटानं झटका द्या. पातं बाहेर येता कामा नये. आलं तर ते खिशातही उघडेल.

मिटताना अंगठा

उघडताना सहसा लागत नाही, मिटताना लागतं. लायनर किंवा फ्रेम लॉक सोडवताना अंगठा पट्टीवर असतो, म्हणजे बरोबर पात्याच्या वाटेत. दुसऱ्या हातानं पाठीकडून पातं धरा, अंगठ्यानं पट्टी बाजूला सारा, पातं साधारण ३० अंश आत वळू द्या, मग अंगठा काढा आणि उरलेलं मिटवा. मूठ चार बोटांनी वेढून धरायची सवय असेल तर ती बोटं फटीतून वर आलेली असतात. त्यांना मुठीच्या दोन्ही कडांवर न्या. एका हातानं झटक्यात मिटवणं सरावानंतर. बॅक लॉक (मुठीच्या पाठीवर दाबून सुटणारा) आणि आडव्या दांड्याच्या लॉकमध्ये अंगठा वाटेत येत नाही, त्यामुळे घरात अनेकजण चाकू हाताळणार असतील तर तेच बरे. डावखुऱ्यांनाही ते सोयीचे पडतात, कारण लायनर लॉक बहुतेक उजव्या हाताच्या हिशेबानंच बनतात.

पोलाद आणि आपल्याकडची हवा

व्हीजी-१०, १४सी२८एन, एस३०व्ही, एस३५व्हीएन, एम३९०, मॅग्नाकट ही पोलादाच्या जातींची नावं पात्यावर कोरलेली दिसतील. ही सगळी स्टेनलेस. डी२ मात्र काठावरचं: क्रोमियम ११-१२ टक्के, पण कार्बन दीड टक्का असल्यानं त्यातलं बरंच क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकतं आणि गंज अडवायला कमी उरतं. लिंबू किंवा लोणच्याची कैरी कापून डी२चं पातं तसंच ठेवलं तर सकाळी ठिपके दिसतात. साध्या कार्बन पोलादाचं पातं तर अर्ध्या तासात काळवंडतं. ते काळवंडणं वाईट नाही, वाईट तो तांबूस गंज.

पण स्टेनलेस म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांसाठी खानदेशात एक खास शत्रू आहे: पोटॅश. केळीला तो भरपूर लागतो आणि म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. क्लोराइड स्टेनलेसवरचा क्रोमियमचा पातळ संरक्षक थर जागोजागी भेदतं, आणि मग गंज वर पसरत नाही, टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडत आत जातो. पोतं फोडून चाकू मिटवून खिशात टाकला, खिशात घाम, बाहेर ४४-४५ अंश, म्हणजे मीठ, ओल आणि उष्णता तिन्ही एकत्र. खताच्या पोत्याला चाकू लागला की त्याच दिवशी साध्या पाण्यानं पातं आणि सांधा धुवा, फुंकर किंवा सायकलच्या पंपानं पाणी काढा, पुसा, उघडा ठेवून वाळवा आणि सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा. खरं तर पोतं कापायची गरजच नसते. शिवण साखळी टाक्याची असते. योग्य टोकाची गाठ कापून दोरा ओढला की सगळी शिवण सरसर उसवते आणि पोतंही पुन्हा वापरता येतं. एका टोकानं अडलं तर दुसऱ्या टोकानं ओढा.

केळीचा चीक ही दुसरी गोष्ट. केळफूल काढताना, फण्या विरळ करताना किंवा घडाच्या स्कर्टिंग बॅगची (घडावर चढवायच्या पिशवीची) दोरी कापताना तो पात्यावर ओघळतो. ओला असताना पाण्याच्या फडक्यानं निघतो. वाळला की काळा डाग धरतो आणि सांध्यात गेला तर पातं जड चालायला लागतं. वाळलेल्या चिकावर आधी तेलाचं बोट फिरवा, दहा मिनिटांनी साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा. घासायला तारेची घासणी नको, जुना टूथब्रश घ्या. आणि घड उतरवण्याचं काम कोयत्याचं, तिथं घडीचा चाकू काढूच नका.

नंदुरबारकडे मिरचीच्या हंगामात आणखी एक: तिखट फक्त पात्याला नाही, अंगठ्यानं उघडायच्या खुंटीला आणि लॉकच्या पट्टीलाही लागतं. पातं धुतलं आणि मूठ तशीच राहिली, तर डोळा चोळताना कळतं.

सांध्यात घालायला शिलाई मशीनचं तेल चालतं. ज्या चाकूनं फळं-भाजी कापायची त्याला मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन जास्त चांगलं: ते खाण्यात गेलं तरी चालतं आणि खवट होत नाही. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल महिन्याभरात चिकट होतं, त्यावर धूळ बसते. डब्ल्यूडी-४० पाणी हाकलायला ठीक, वंगण म्हणून टिकत नाही. आणि थेंब म्हणजे खरोखर एकच थेंब, पिव्होटच्या दोन्ही बाजूंना. चैत्र-वैशाखातल्या वाऱ्यात जास्तीचं तेल माती गोळा करतं. याच कारणानं शेतातल्या वापरासाठी बॉल बेअरिंगपेक्षा फॉस्फर ब्राँझच्या वॉशरवर चालणारा चाकू घ्यावा. बेअरिंगवरचं पातं दुकानात लोण्यासारखं सुटतं खरं, पण काळ्या मातीची भुकटी गेली की करकरतं; वॉशरवालं वापरून वापरून सुधारत जातं.

मूठ लाकडाची किंवा शिंगाची असेल तर मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. लाकूड आकसतं, पिना वर येतात, कधी चीरही जाते. जी-१०, मायकार्टा (कापडाचे थर राळेत दाबून केलेली मुठीची सामग्री), टायटॅनियम यांना उन्हानं काही होत नाही, फक्त हातात धरवत नाही.

काय कापायचं, काय नाही

सुतळी, दोरी, पुठ्ठा, फळं, ठिबकची १६ मिमीची नळी, कलमाची काडी यासाठी हा चाकू आहे. ठिबकची नळी मांडीवर ठेवून कापू नका, लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवा. आधी ओल्या फडक्यानं पुसा, कारण धार प्लास्टिकनं जात नाही, नळीवरच्या वाळूच्या कणांनी जाते. मल्चिंग पेपर अंथरलेल्या जागीच कापला तर पातं दर हातभर मातीत शिरतं. तिथं दहा रुपयांचं कटर वापरा.

औषधाच्या डब्याचं झाकण उचकटणं, बाइंडिंग तार तोडणं, पात्याच्या पाठीवर दगड मारून लाकूड फोडणं, ही तिन्ही कामं टोक किंवा धार घालवतात. महागड्या पात्याची कठीणता बहुधा ५९ ते ६२ एचआरसी (रॉकवेल हे कठीणतेचं माप) असते. कठीण असल्यानं धार टिकते, आणि कठीण असल्यानंच आडवा ताण आला की ते वाकत नाही, तुटतं. मोडलेलं टोक वॉरंटीत बसत नाही.

घरात दोन जागा वाईट: स्टीलचं ताट आणि कडप्प्याचा ओटा. ताटात कांदा ठेवून कापायची सवय असेल तर हजारांची धार आठवड्यात वळते. भरताची वांगी ताटात धरून चिरायची असतील तर आपली जुनी सुरी घ्या. हा चाकू लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाटावरच.

स्क्रू

शक्यतो खोलू नका. काही कंपन्या खोललेल्या चाकवाची वॉरंटी नाकारतात, आणि बेअरिंगचे गोळे खाली पडून हरवले की चाकू तसाच डब्यात पडून राहतो. घट्ट करावंच लागलं तर स्क्रू सहा पाकळ्यांच्या खाचेचे, टॉर्क्स जातीचे असतात: क्लिपला बहुधा टी६, पिव्होटला टी८ किंवा टी१०. अॅलन की किंवा चपटा पेचकस बसवून बघितला की खाच गोल झालीच.

पिव्होट एका वेळी १/१६ फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. फिरवा, उघड-मीट करा, प्ले बघा, मग पुढे. जास्त पिळलं तर पातं अडकतं, कमी राहिलं तर हलतं. मधली जागा अगदी थोडी असते. स्क्रू सारखा सैल होत असेल तर तो काढून आटे पुसा, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) टाचणीच्या टोकानं आट्यांवर लावा आणि २४ तास वाळू द्या. थेंब मोठा पडला तर तो वॉशरपर्यंत उतरतो आणि पातंच चिकटतं. लाल थ्रेडलॉकर लावू नका, ते तापवल्याशिवाय सुटत नाही.

पहिली धार

कारखान्याची धार काही महिने टिकते, वापरावर आहे. गेली की नाही हे वर्तमानपत्राच्या सुट्या पानावर कळतं: पान हातात लोंबतं धरून वरच्या कडेपासून खाली ओढा. जिथं फाटतं किंवा अडतं तिथं धार वळली आहे. दिव्याखाली धार वर करून बघितलं तर त्या जागी बारीक चमक दिसते. चांगली धार उजेड परत टाकत नाही.

बाजारात चाकावर धार लावून देणाऱ्याकडे हा चाकू देऊ नका. त्याच्या कसबाबद्दल शंका नाही, विळ्या-कोयत्यांना त्याचा हात चांगलाच. पण कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेची कड क्षणात इतकी तापते की पोलादाचं पाणी उतरतं. मऊ पडलेली कड पुढच्या आठवड्यात पुन्हा बोथट. शिवाय चाकावर पात्याची रुंदीही झपाट्यानं जाते.

घरी करा. १४सी२८एन, व्हीजी-१० यांना पाण्याचा १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या दाण्याचा आकडा, जितका मोठा तितका दाणा बारीक) साधा दगड पुरतो. एस३०व्ही, एम३९०, मॅग्नाकट यांत व्हॅनेडियमची कार्बाइडं असतात आणि ती साध्या दगडातल्या अॅल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण. त्यांना डायमंड प्लेट घ्या, ६०० आणि १२०० ग्रिटची. साध्या दगडावर तासभर घासूनही धार का येत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

कोन मोजता येतो. धारेपासून पाठीपर्यंत पातं २५ मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून ८.५ मिमी उचलली की २० अंश होतात, ६.५ मिमी उचलली की १५. बहुतेक चाकवांना प्रत्येक बाजूला १७ ते २० अंश योग्य. तेवढ्या जाडीची पुठ्ठ्याची चळत करून पाठीखाली धरा, अंदाज हातात बसला की काढा. धारेच्या उतारावर मार्करची शाई लावा आणि दोन हात मारून बघा: शाई फक्त वरच्या बाजूला गेली तर पाठ थोडी उचला, अगदी कडेलाच गेली तर खाली आणा, पूर्ण उतारावरून गेली तर कोन जुळला.

आता एकाच बाजूनं, बुडापासून टोकापर्यंत, धार पुढे ठेवून घासा. टोकाकडे पातं वळतं तिथं मूठ किंचित उचला, नाहीतर टोक गोल होतं. दाब साधारण अर्धा किलो. दगड काट्यावर ठेवून एकदा दाबून बघितलं की कळतं. नवशिके इथंच चुकतात. दाब वाढवला की काम लवकर होत नाही, कोन डुलतो. दुसऱ्या बाजूला बर आली, म्हणजे धारेच्या पलीकडे वळलेली धातूची बारीक कोर अंगठ्याला खरखरीत लागली, की थांबा. अंगठा धारेवरून बाहेरच्या दिशेनं, आडवा फिरवायचा. धारेच्या लांबीनं कधीच नाही. ती कोर बुडापासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मधे तुटत असेल तर तिथं अजून काम बाकी आहे. मग दुसरी बाजू तशीच. त्यानंतर दोन्ही बाजूंनी आलटून पालटून, दर वेळी दाब कमी करत, शेवटचे पाच-सहा हात नुसत्या पात्याच्या वजनावर. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर धार मागे ठेवून दहा-पंधरा वेळा ओढा. बर राहून गेली तर चाकू पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखा कापतो आणि दुसऱ्या दिवशी बोथट वाटतो.

मधल्या काळात दगड काढायची गरज नसते. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जी बिनचकाकीची खरखरीत कडा असते, तिच्यावर त्याच कोनात दोन्ही बाजूंनी चार-पाच हलके हात मारले की वळलेली धार सरळ होते.

खिसा आणि कायदा

खिशाला अडकवायची क्लिप स्पायडर्को या अमेरिकी कंपनीनं १९८१ मध्ये आणली; ती जीन्ससारख्या जाड कापडाला ठीक. पातळ लेंग्याच्या खिशाला १०० ग्रॅमचा चाकू अडकवला तर कापड फाटतं, आणि सदऱ्याच्या वरच्या खिशातून वाकताना विहिरीत किंवा पाटात पडतो. मुठीच्या भोकात दोरी ओवून ती नाडीला किंवा पट्ट्याला बांधा. किल्ल्या आणि सुटे पैसे दुसऱ्या खिशात.

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामांसाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. घडीच्या चाकवाचं पातं सहसा ३ ते ४ इंच, त्यामुळे घरात ठेवायला अडचण नाही. बाहेर नेताना मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७ (१) लक्षात ठेवा. सण, निवडणूक, मोर्चे यांच्या आगेमागे या कलमाखाली मनाई आदेश निघतात, त्यात सार्वजनिक जागी चाकू-सुऱ्या बाळगायलाही बंदी असते, आणि पातं किती इंच हे तिथं कोणी विचारत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेला, मिरवणुकीला, कचेरीत किंवा कोर्टात जाताना चाकू घरी ठेवा. भुसावळहून दिल्लीची गाडी धरणाऱ्यांनी तर नक्कीच: दिल्लीतल्या १९८० च्या अधिसूचनेत बटणाचे, स्प्रिंगचे आणि तत्सम यांत्रिक रचनेचे चाकू ७.६२ सेंमी लांबी आणि १.७२ सेंमी रुंदीपासूनच शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात. विमानात हातातल्या बॅगेत नाही, चेक-इन सामानात गुंडाळून द्या.

पावसाळ्यात चाकू महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर सोबत आलेल्या चामडी म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पात्यावर म्यानाच्याच आकाराचा डाग उठतो. पातं तेलाच्या बोटानं पुसून, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत झाकणाच्या डब्यात ठेवा, म्यान वेगळं.